दरमहा २५,००० येनचा संसार

प्रेमकथा म्हणून पुस्तक उघडलं आणि पहिल्याच प्रकरणात हाती आली ती बाजारहाट. टोकियोतला एक देखणा, नीटनेटका वकील संध्याकाळी वेळेवर ऑफिसातून निघतो, थेट सुपरमार्केट गाठतो आणि आज कशावर सूट आहे ते बघत फिरतो. घरी येऊन तांदूळ धुतो. एका शेगडीवर हे, दुसरीवर ते, आणि मधल्या वेळात भाज्या चिरून मोकळा. मग दार वाजतं, दुसरा पुरुष घरात येतो, वास घेऊन खूश होतो. दोघं जेवतात.

यात प्रेम कुठे आलं? मी पानं परत चाळली. उष्ट्या भांड्यांपलीकडे काही सापडेना.

पुस्तक लेकीचं. जर्मनीला जाताना तिने तिचं कपाट माझ्या हवाली केलं, त्यात इंग्रजी भाषांतरातल्या या जपानी चित्रकादंबऱ्यांची चवड होती. मांगा. फुमी योशिनागा या चित्रकर्तीची मालिका, नाव ‘किनो नानी ताबेता?’, म्हणजे ‘काल काय खाल्लं?’ “आई, त्यात दोन पुरुष एकत्र राहतात हां,” असं लेकीने फोनवर बजावलं. मी आधी रक्तदाबाची गोळी घेऊन बसावं, असा काहीसा तिचा सूर होता. मी म्हटलं, अगं, आख्खी नोकरी सहकारी बँकेच्या काउंटरवर गेली माझी, माणसं बघूनच म्हातारी झाले.

पण खरी अडचण पुरुषांची नव्हती, पानांची होती. चित्रकथेशी माझा संबंध इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापाशी संपलेला. इथे पुस्तक उर्दू पुस्तकासारखं उजवीकडून उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडे आणि चौकटीतले संवादाचे फुगेही उजवीकडून डावीकडे. आयुष्यभर डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा बघितलेल्या डोळ्यांना हे पचायला वेळ लागला. बरेच दिवस मला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर ऐकू येत होता. त्यातून योशिनागाबाई पार्श्वभूमी काढायचा कंटाळा केल्यासारख्या पांढऱ्या कागदावर नुसते चेहरे काढतात आणि माणसं बोलत सुटतात. स्वयंपाक सुरू झाला की मात्र हात बदलतो. कढईतली वाफ, सुरीखालचा कांदा, शेवटी वरून दिसणारं सगळं ताट, भाताच्या वाटीपासून लोणच्याच्या बशीपर्यंत. जिथे मी शृंगाराची वाट बघत होते तिथे हे ताट येतं. चुंबन वगैरे शोधायचं तर भिंग घेऊन बसावं लागेल.

वकिलाचं नाव शिरो काकेई. गोष्ट सुरू होते तेव्हा तो ४३ वर्षांचा. केंजी याबुकी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, केस कापतो, बडबड्या, हळवा आणि थोडा मत्सरी. शिरो कंजूष म्हणावा इतका काटकसरी आणि लोक काय म्हणतील या धास्तीने वाकलेला. दोघांच्या जेवणाचं बजेट महिन्याला २५,००० येन, आजच्या दराने चौदा-पंधरा हजार रुपयांच्या घरात, आणि ते ओलांडलं की त्याचा जीव खालीवर होतो. हा माणूस मला चटकन कळला. उरलेली अर्धी कोबी परवा कशात खपवायची याचा विचार आज करणारी माणसं मी घरातच बघितली आहेत, आरशातसुद्धा.

ही मालिका २००७ साली कोदान्शाच्या ‘मॉर्निंग’ साप्ताहिकात सुरू झाली. लेकीच्या मते यात मोठी गंमत आहे, कारण ‘मॉर्निंग’ हे नोकरदार, कर्त्या पुरुषांचं साप्ताहिक. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा जपानमध्ये चिक्कार निघतात, त्यांना बीएल म्हणतात, पण त्या बव्हंशी बायकांनी बायकांसाठी काढलेल्या. योशिनागा स्वतःही त्याच मुशीतून आलेल्या. तिथून उठून त्यांनी हे जोडपं लोकलने कामावर जाणाऱ्या पुरुषांच्या हातात ठेवलं, तेही पाककृतींसकट. २०१९ मध्ये मालिकेला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी टीव्हीवर आली, २०२१ मध्ये चित्रपट झाला. आणि पात्रं वाचकांबरोबर वयाने वाढत गेली. केंजीला स्वतःच्या विरळ होणाऱ्या केसांची चिंता लागते, न्हाव्याचंच डोकं ते. एकेक खंड पुढे सरकेल तसा शिरो साठीच्या दारात येतो. आमच्या मालिकांमधल्या सासवा वीस वर्षं त्याच वयाच्या असतात, त्यामुळे मला याचं फार कौतुक वाटलं.

जुन्या कथांचा इतिहास मला एका विनोदामुळे शिकावा लागला. शिरोच्या ओळखीत कोहिनाता नावाचा एक दणकट, सभ्य गृहस्थ येतो. तो आपल्या प्रियकराला, वातारूला, जिल्बेर म्हणतो आणि इतकं वर्णन करतो की शिरो एखाद्या नाजूक, सोनेरी केसांच्या पोराची वाट बघू लागतो. येतो तो दाढीचे खुंट वाढलेला, चुरगळलेल्या टीशर्टातला, तोंडाळ गडी. मला हसायला येईना. लेकीला विचारलं तेव्हा कळलं की जिल्बेर हा केइको ताकेमिया यांच्या ‘काझे तो की नो उता’चा नायक. १९७६ साली सुरू झालेली ती कथा फ्रान्समधल्या मुलांच्या वसतिगृहात घडते. जिल्बेर विलक्षण सुंदर, विलक्षण छळलेला, आणि शेवटी मरतो. बीएलच्या घराण्यातला तो मूळ पुरुष.

हे ऐकल्यावर मला तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आठवलं. १९८१ चं नाटक, मुलीवर प्रेम करणारी मुलगी, आणि शेवटी तीही जीव देते. तिकडे जिल्बेर, इकडे मित्रा. असं प्रेम रंगवायचं तर ते मारून टाकावंच लागतं, अशी जणू दोन्ही भाषांची रीत होती. ताकेमियांना किंवा तेंडुलकरांना मी दोष देत नाही, त्या काळात त्यांनी तो विषय मांडला हेच खूप. पण मग हे दाढीचे खुंटवाले, चाळिशी उलटलेले, कोलेस्टेरॉल वाढू नये म्हणून तेल मोजून घालणारे पुरुष कुठून आले, ते मला दिसलं. कोणीतरी एका बाईने ठरवलं असणार की यांना मरू द्यायचं नाही, यांना जेवू घालायचं.

प्रेम कुठे आहे हे मला उशिरा सापडलं, आणि सापडलं ते भांडणात. पहिल्याच प्रकरणात केंजी दुकानातल्या गिऱ्हाइकाशी गप्पांच्या ओघात घरच्या वकिलाबद्दल बोलून जातो. शिरोला कळतं, तो भडकतो. ऑफिसात त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. केंजीचं म्हणणं एवढंच, की दुकानातले बाकीचे सगळे आपल्या बायकोबद्दल, मुलांबद्दल बोलतात, मग मीच का आपल्या माणसाबद्दल बोलायचं नाही? माझ्या काउंटरवर दिवसभर हेच चालायचं. यांना आंबट चालत नाही, यांचं बीपी, यांची बदली. एखाद्याच्या तोंडून घरच्या माणसाचा उल्लेखच काढून घेतला तर त्याच्याकडे बोलायला उरेल काय, हे मी याआधी कधी मोजून बघितलं नव्हतं.

आणि इतकं लपवणारा हा शिरो आपलं गुपित पहिल्यांदा फोडतो कुणापाशी, तर अर्ध्या कलिंगडापाशी. सुपरमार्केटात कलिंगड स्वस्त, पण दोन माणसांना संपेना इतकं मोठं. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहिणीलाही तीच अडचण. दोघं मिळून एक घेतात आणि अर्धं अर्धं करायला तिच्या घरी जातात. तिथे सुरी हातात असताना बाईंच्या लक्षात येतं की आपण एका परक्या पुरुषाला घरात घेतलंय आणि घरी दुसरं कुणी नाही. त्या घाबरतात. त्यांची भीती घालवण्यासाठी शिरो घाईघाईने सांगून टाकतो की मला बायकांमध्ये रसच नाही. संध्याकाळी काकूंनी ही बातमी आनंदाने घरभर केलेली. पुढे वर्षानुवर्षं दोघांची घाऊक खरेदीत भागीदारी चालू राहते, आणि त्या घरात शिरोला काही लपवावं लागत नाही. हे प्रकरण वाचताना मी मोठ्याने हसले, तेव्हा आमचे हे पेपर बाजूला ठेवून “काय एवढं?” म्हणून डोकावले. कलिंगड बघून परत गेले.

पाककृतींशी माझी झटापट वेगळीच. मिरिन, दाशी, कोन्याकू, गोबो. अर्ध्या गोष्टी चित्रात बघूनही कळत नाहीत. मिरिनच्या बाटलीची इथली किंमत पाहिली तेव्हा शिरोने स्वतः येऊन माझा हात मागे खेचला असता. पण पहिल्या खंडात तो स्ट्रॉबेरीचा जॅम करतो, तो मला झेपणारा होता. मार्च सरताना महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उतरणीला लागते, गाडीवाला डबे स्वस्तात काढतो, फळ लहान आणि जरा आंबट असतं. शिरोने हीच वेळ साधली असती. देठं काढून साखर घातली आणि ठेवून दिली. तासाभरात पातेल्यात एवढा लाल रस सुटला की पाणी घालायचा प्रश्नच उरला नाही. उकळी आली की वर गुलाबी फेस येतो, तो पळीने काढत राहायचा, नाहीतर रंग गढूळ होतो. फळं मधेच पांढरट पडतात, वाटतं बिघडलं, पण त्यांचा गेलेला रंग पाकातून त्यांच्याकडे परत येतो. शेवटी लिंबू पिळलं. यांनी बशीत थेंब टाकून पाकाची तार बघितली, कारण बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि “पातळ आहे” असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी बरणीत तो बसला होता. पोळीशी संपला.

गंमत सोडा, पण त्या पातेल्यापाशी उभं असताना माझ्या डोक्यात शिरोची काटकसर फिरत होती. आपण मुलांसाठी साठवतो, असं आपण म्हणतो. याला मूल नाही, होणार नाही, आणि कागदावर तो केंजीचा कुणीही नाही. मग हा कशाला येन येन वाचवतोय? माझा तर्क असा, की म्हातारपणी जे काम आपल्याकडे सुना, जावई, भाचे करतात ते त्याला पैशानेच करून घ्यावं लागणार आहे. कमी मीठ, कमी तेल, जास्त भाजी, हाही त्याच बचतीचा भाग. केंजीने जास्त जगावं म्हणून तो त्याच्या ताटातलं मीठ कमी करतो. असली प्रेमाची कबुली मी कुठल्या कादंबरीत वाचली नव्हती.

योशिनागा हे भाषणात सांगत नाहीत, एका प्रकरणात कामाला लावून दाखवतात. तेत्सू नावाचा वयस्क गृहस्थ शिरोकडे वकील म्हणून सल्ला मागतो. बरोबर त्याचा जोडीदार. तेत्सूला आपली सगळी मिळकत जोडीदाराला द्यायची आहे, आईवडिलांना त्यातला एक येनही जाऊ नये असा त्याचा हट्ट. जपानच्या कायद्यात मृत्युपत्र केलं तरी आईवडिलांचा राखीव हिस्सा सुटत नाही. मूल असेल तरच सुटतो. मग उपाय काय? जोडीदाराला दत्तक घ्यायचं. तिथे प्रौढाला दत्तक घेता येतं, फक्त घेणारा वयाने मोठा हवा, मग एका दिवसाने का होईना. नवरा व्हायची सोय नाही म्हणून बाप व्हायचं. हे सगळं चहापाण्याच्या शांत सुरात चाललेलं असतं.

माझ्यातली बँकवाली इथे जागी झाली. आपल्याकडे हिंदू दत्तक कायद्याने रूढी नसेल तर पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही, म्हणजे तेत्सूची वाट बंद. उलट स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येते, तिथे आपला कायदा सैल. पण मृत्युपत्र न करता गेलेल्यांच्या बाबतीत काय होतं ते मी बघितलंय. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वारसांच्या वतीने. आमच्या शाखेत दोन गृहस्थांचं संयुक्त खातं होतं. मुदत ठेव नव्याने करायला दोघं एकत्र यायचे, नात्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहायचे. एक यायचा बंद झाला, मग दुसरा एकटा आला आणि मागून पुतणे आले. पुढचं मी सांगत नाही, ते माझं सांगायचं नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा फास सोडवला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकच कुटुंब धरावं अशी सूचनाही राज्यांना गेली. लग्न नाही, पण रेशनकार्ड आहे. शिरोला हे फार आवडलं असतं. जपानमध्येही देशभराचा विवाह हक्क नाही. टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया या भागांनी २०१५ मध्ये जोडीदारांना दाखला द्यायला सुरुवात केली, तोवर या मालिकेतले दोघे आठ वर्षं एका घरात जेवत होते.

एवढं सगळं झेपलं. नाही झेपली ती शिरोची आई.

सुरुवातीला ती विनोदी वाटते. मुलाचं कळल्यावर तिने जिद्दीने त्याला स्वीकारायचं ठरवलंय, आणि त्या भरात सांगते की तू गुन्हेगार असलास किंवा समलिंगी असलास तरी आम्ही तुला आपलं मानू. शिरो मनातल्या मनात कपाळाला हात लावतो, की या दोन गोष्टी एका ओळीत? पुढे एका नववर्षाला तो केंजीला आईवडिलांकडे घेऊन जातो. जपानमध्ये नववर्ष म्हणजे घरी जायचा सण. सगळं सुरळीत पार पडतं. परतताना केंजी रडतो. आपल्या माणसाच्या आईवडिलांच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, हे आपल्या नशिबात असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. मीही पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले, उगाच, कुकर लावायला.

आणि पुढे शिरोला कळतं, की त्या भेटीनंतर आईने अंथरूण धरलं होतं. दिवसभर हसतमुख होती, नंतर कोसळली. पुन्हा त्याला आणू नकोस, असं सांगितलं जातं. शिरो आरडाओरडा करत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, मग नववर्षाला मीही येत नाही, कारण माझं घर आता तिकडे आहे.

ते वाचून माझा संताप झाला. एवढी शहाणी बाई, एक दिवस निभावला, तर दुसरा निभवायला काय झालं होतं? लेकीला फोन लावला, तर ती माझ्याहून तापलेली. तिच्या मते ती आई ढोंगी आहे आणि शिरोने संबंधच तोडायला हवे होते. आणि मग मीच आईची बाजू घ्यायला लागले, हे माझं मलाही नवल. मी म्हटलं, ढोंगी बाई आजारी पडत नाही. जिला काहीच वाटत नाही ती मजेत राहते. ही जन्मभर ज्या जगात राहिली ते जग त्या एका दुपारी तिने स्वतःच्या हाताने बाजूला सारलं, पाहुण्याच्या पानात वाढलं, आणि मग तिला उठवेना. “म्हणजे तिचं बरोबर?” लेक म्हणाली. बरोबर नाही. शिरोने जे केलं तेच बरोबर. पण योशिनागा तिला शिक्षा देत नाहीत. शिरो पुढेही आईला भेटायला जातोच, पदार्थ नेतो, तिच्या दुखण्याची विचारपूस करतो, आणि संध्याकाळी केंजीकडे परततो. दोन्ही घरं त्याची, आणि दोन्ही एकाच टेबलाभोवती कधी बसणार नाहीत. मला हे कुठल्याही अश्रुपातापेक्षा जास्त लागलं.

मराठीत असं काही आहे का, असं लेकीने विचारलं तेव्हा माझ्याकडे ‘साबर बोंडं’ होता. रोहन कानवडे यांचा चित्रपट, २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुलगा आणि गावातला त्याचा मित्र. तिथली आई मात्र वेगळी आहे, तिला मुलाचं माहीत आहे आणि ती नातेवाइकांना तोंड देते. दोन आयांची तुलना करून आम्ही मायलेकी पुन्हा भांडलो.

आता मालिकेचे पुढचे खंड हवेत. लेक दिवाळीत आणणार आहे. त्यात शिरोचे आईवडील राहतं घर सोडून वृद्धनिवासात जायचं ठरवतात, एवढं तिने परवा बोलता बोलता सांगून टाकलं. मी तिच्यावर चिडले. केंजी त्या दोघांना पुन्हा भेटतो की नाही, ते तिने अजिबात सांगायचं नाही, असं बजावून ठेवलंय.